तिसरी हाक

अल्फिअस डुबेरीला एका जागी बसवत नाही. चर्चमध्ये तो शेवटच्या बाकाच्या कडेला टेकतो, एक पाय बाहेर काढून, जणू पाद्रीबाबांनी आमेन म्हणायच्या आत त्याला कुठेतरी पोचायचं आहे. जेवतो ते उभ्याने. माझ्या दुकानात येऊन आल्याचं सरबत मागतो आणि मी पेला भरेपर्यंत रस्त्यापलीकडे जाऊन परत आलेला असतो. आताची पोरं त्याला हसतात. त्यांना वाटतं हा जन्मापासून असाच. मी क्लॅरिस, त्याची थोरली मावसबहीण, म्हणून सांगते की हा माणूस पूर्वी फार शांत होता. इतका, की लग्न ठरलं तेव्हा नवऱ्यामुलीची, इसिल्माची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "मुलगा चांगला आहे ग, पण झोपलाय की जागा आहे हे ओळखायचं कसं?"

त्याला जागं करणारी एकच वस्तू होती, त्याचा पाइप. आमच्या वाजंत्र्यांच्या ताफ्यात गिटार असते, युकुलेले असतं, बासरी असते, बिया भरलेला खुळखुळा असतो आणि या सगळ्यांच्या खालून पाइपचा घुमारा येतो. छातीएवढा लांब पोकळ नळ, एका टोकाला ओठ लावून फुंकायचा. अल्फिअसच्या बापाचा पाइप झाडाच्या पोकळ फांदीचा होता. ती किडल्यावर अल्फिअसने पाण्याच्या नळाचा उरलेला तुकडा आणला आणि त्याचं तोंड घासून गुळगुळीत केलं. लग्न असो, नाताळची सोंगं असोत की मयत असो, तो आला नाही तर लोक म्हणायचे, आज गाण्याला बूड नाही. मॉन्सेरातवर, म्हणजे आमच्या या कॅरिबियन बेटावर, त्याला डुबेरी असं कोणी म्हणत नसे. सगळे पाइपच म्हणत.

आता हाकेचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दिवेलागणीला किंवा अंधारात कोणी नावाने हाक मारली आणि मारणारा दिसत नसला, तर आम्ही ओ देत नाही. जंबी असू शकतो, म्हणजे मेलेला पण अजून न गेलेला. त्याला फार तर दोनदा हाक मारता येते, तिसऱ्यांदा त्याचा आवाज फुटत नाही. म्हणून पहिली सोडायची, दुसरी सोडायची आणि तिसरीला ओ द्यायची. तिसरीला मात्र द्यायचीच. नाही दिली तर हाक मारणाऱ्या जित्या माणसाला तुम्ही मेलेला ठरवलं असा अर्थ होतो. एवढ्यावरून माझ्या दोन मावश्या शेवटपर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत. हे आम्हाला कोणी बसवून शिकवत नाही, ते आमच्या अंगातच असतं.

टेकडीवर स्टुडिओ आला आणि लंडन-अमेरिकेचे केस वाढवलेले बँड उतरू लागले, तेव्हा बेटाने त्याचं फार कौतुक केलं नाही. माणसं चांगली होती. बारमध्ये आमच्या शेजारी उभी राहून प्यायची, क्रिकेटवरून वाद घालायची, उन्हात भाजून लाल व्हायची. त्यांच्या इथे केलेल्या रेकॉर्डी जगभर वाजल्या म्हणे. मी तिथल्या स्वयंपाकघरात होते, त्यामुळे मला ती माणसं कोणाला अंडं कसं लागतं यावरून माहीत. भिंती जाड, दारं दुहेरी, आणि रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की पातेल्यावर झाकण ठेवायचं तेही श्वास रोखून. बाकी कामाचा काही त्रास नव्हता.

त्यांतल्या एका बँडच्या गाणाऱ्याने कोणाच्या तरी लग्नात अल्फिअसला ऐकलं. त्यांची रेकॉर्ड संपत आली होती, एक गाणं अडलं होतं. दुसऱ्या दिवशी तो न्याहारी सोडून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "क्लॅरिस, गाण्याच्या मधोमध मी सगळ्यांना थांबवलंय. तिथे फक्त त्या माणसाचा पाइप पाहिजे. आणशील त्याला?"

मी निरोप धाडला. इसिल्माने नवऱ्याचा पांढरा शर्ट इस्त्री केला, कॉलरला स्टार्च घातला. सबंध केल्सी रिज, म्हणजे त्यांचं गाव, त्याला रस्त्यापर्यंत सोडायला आलं. तो दुपारी पोचला. आत काही बिनसलं होतं, म्हणून त्याला मागच्या ओसरीवर बसवलं आणि टेप सांभाळणारा निक म्हणाला, "बसा, आम्ही हाक मारू." अल्फिअस मांडीवर पाइप घेऊन बसला. तेव्हा त्याला बसता येत होतं. मी त्याला पाव दिला, त्याने तो खिशात ठेवला, ओठ तेलकट होतील म्हणून.

उजेड गेला. बेडूक ओरडायला लागले. ओसरीच्या खांबावर एक छोटा स्पीकर टांगलेला होता, आतून बाहेर बोलायला. त्यातून आवाज आला, "मिस्टर डुबेरी." एकदाच.

मी खिडकीतून बघत होते. अल्फिअसची मान वळली. अंगणात कोणी नव्हतं. आवाज खांबातून आला होता, आणि त्याला जन्मात कोणी मिस्टर डुबेरी म्हटलं नव्हतं. त्याच्या बापाला म्हणायचे, आणि बाप मातीत गेलेला. त्याने पाइप घट्ट धरला आणि दुसऱ्या हाकेची वाट बघत बसला. बेटावरचं कोणीही हेच करतं. मीसुद्धा हातातलं पीठ झटकलं नाही.

दुसरी हाक आलीच नाही. आतली माणसं सभ्य होती. त्यांच्याकडे एकदा बोलवतात. आला तर आला, नाही आला तर त्याचं मन नसेल, मागे लागायचं नाही. बरं, तो त्यांचा शेवटचा दिवस. सामान गाडीत चढलं होतं, विमान धरायचं होतं. समोरच्या दाराने सगळे निघून गेले, आणि निक दिवे बंद करत मागे आला तेव्हा त्याला हा बसलेला दिसला.

"तुम्ही आला नाहीत," निक म्हणाला. "काही हरकत नाही. आम्ही समजू शकतो."

"तुम्ही बोलावलंत कुठे?" अल्फिअस म्हणाला. "एकदाच तर हाक मारलीत."

"हो, एकदा मारली."

"तेच म्हणतोय मी."

 मग निकने त्याला गाडीने घरी सोडलं.

रेकॉर्ड निघाली. त्या गाण्याच्या मधोमध सगळं थांबतं, बराच वेळ काहीच वाजत नाही, आणि मग पुन्हा सगळे एकदम तुटून पडतात. ती मोकळी जागा जगाने डोक्यावर घेतली. काय धाडस, काय संयम, शांततेचा काय वापर. पेपरात लेख आले. मला हसावं की रडावं कळेना. ती शांतता म्हणजे आमचा अल्फिअस होता, ओसरीवर बसलेला, खिशात पाव घेऊन.

तेव्हापासून त्याच्या जिवाची घालमेल सुरू झाली. आधी रात्रीची झोप गेली, मग दिवसाची बैठक मोडली. गाणं रेडिओवर दिवसाकाठी कितीदा तरी लागायचं. ती जागा आली की तो हातातलं टाकून उठायचा आणि तोंडाने घुमारा काढायचा, बसमध्ये असो की न्हाव्याच्या खुर्चीत. लोकांना फुकटची करमणूक मिळाली. एक दिवस इसिल्माने रेडिओ उचलून कपाटात कोंबला.

"किती दिवस हे?" ती म्हणाली. "एक गाणं हुकलं. माणसांची जहाजं हुकतात."

"परत बोलावतील ते."

"बोलावतील तेव्हा बोलावतील. आधी बस आणि जेव."

"बसलो म्हणूनच हुकलं ना."

त्याने बसणं सोडलं. पाइप पाठीला बांधून हिंडायला लागला, शेतात, बाजारात, राजधानीत प्लिमथच्या धक्क्यावर. कोण जाणे, कुठून हाक येईल. आणि त्याने ठरवून टाकलं की इथून पुढे पहिल्याच हाकेला ओ द्यायची. ही मात्र लोकांना थट्टा वाटली नाही. अंधारात कोणी लांबून नुसतं "पा" म्हटलं की याचं "आलो!" तयार. वात्रट पोरं भिंतीआडून हाका मारायची आणि हा पाइप सावरत धावत यायचा. म्हाताऱ्या बायका त्याच्या वाटेतून बाजूला होत. इसिल्माने पाद्रीबाबांना सांगून पाहिलं, मग दारावर मिठाची पुरचुंडी बांधली.

"एखाद दिवशी जंबी नेईल तुला," ती माझ्यासमोर त्याला म्हणाली. "आणि मी काही तुझ्या मागे यायची नाही. मला तीन हाका लागतात, माझ्या आईने मला नीट वाढवलंय."

"नेलं तर नेलं. निदान बोलावलं तरी."

ती हसली. तिला तो आवडायचा, हे मी कितीदा सांगितलं तरी कोणाला पटत नाही, कारण ती दिवसभर त्याच्यावर तोंडसुख घेत असायची. पण रात्री त्याचा पाइप तीच पुसून ठेवायची, तेलाचं बोट फिरवून.

मग वादळ आलं. बेटावरचं एकही छप्पर धड उरलं नाही. स्टुडिओ बंद पडला तो पडलाच. निक नाही, बँड नाही, पोहण्याच्या तलावात बेडकांची पिल्लं. शहाणा माणूस तिथे थांबला असता. अल्फिअस दर रविवारी फाटकापर्यंत जाऊन यायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, आता तिथून कोण हाक मारणार आहे तुला?" तर म्हणाला, "म्हणून तर बघून येतो. कोणी नसलं की एकच हाक मारली तरी ऐकू येईल."

आणि मग डोंगर जागा झाला. शतकानुशतकं झोपलेला, ज्याच्या अंगावर आम्ही गाजरं लावत होतो, तो धुमसायला लागला. दक्षिणेकडची गावं उठवली, प्लिमथ उठवलं, केल्सी रिज उठवलं. आम्ही सगळे उत्तरेला, चर्चच्या हॉलमध्ये, खाटेला खाट लावून. सुरुवातीला वाटलं दोन आठवड्यांचं काम आहे. पण वर्ष गेलं, पुढचंही जायला लागलं. एकमेकांच्या घोरण्यावरून भांडणं झाली. माणसं विलायतेला गेली. जी राहिली त्यांतली बरीच दिवसा चोरून मागे जायची, कारण शेतं तिथे, शेळ्या तिथे. अल्फिअसला तर हॉल म्हणजे तुरुंगच. गावातल्याच केनरिकच्या लॉरीने तो जवळजवळ रोज जायचा, शेळ्यांना पाणी पाजायचा आणि परतायचा. इसिल्मा जात नसे. तिचा डोंगरावर विश्वास नव्हता.

त्या दिवशी गेली ती पातेल्यासाठी. हॉलमधल्याच एका पोरीचं लग्न ठरलं होतं, आणि लग्नात शेळीचा रस्सा नाही म्हणजे लग्न कसलं. एवढं मोठं लोखंडी पातेलं फक्त इसिल्माकडे होतं, केल्सी रिजच्या घरामागच्या चुलीपाशी. मी म्हटलं, दोन लहान पातेल्यांत करू. ती म्हणाली, "दोन पातेल्यांत दोन चवी होतात, क्लॅरिस." आणि लॉरीत चढून बसली.

पुढचं मला केनरिकने सांगितलं, अल्फिअसने कधी नाही. दुपार होती. अल्फिअस खालच्या गोठ्यात, इसिल्मा वर चुलीपाशी, केनरिक वळणावर लॉरीत गाजरं भरून निघायच्या तयारीत बसला होता. डोंगरातून आधी आवाज आला नाही. राख आली. भर दुपारी इतका काळोख झाला की केनरिकला स्टिअरिंगवरचे आपलेच हात दिसेनात. हॉर्न दाबला तर नुसता घरघरला. त्याने खिडकीतून तोंड काढून हाक मारली, "पाइप!"

अल्फिअसने पहिल्या हाकेला ओ दिली. "आलो," म्हणाला आणि आवाजाच्या रोखाने धावत सुटला, पाइप पाठीला होताच. लॉरीवर हात पडल्यावर त्याने चाचपून पाहिलं. इसिल्मा वर बसलेली असेल अशी त्याची समजूत. नव्हती. त्याने तोंडावर फडकं बांधलं होतं, घशात राख गेली होती. तसाच ओरडला, "इसिल्मा!"

केनरिक शपथेवर सांगतो की तो आवाज अल्फिअसचा वाटलाच नाही. तो शेजारी उभा होता म्हणून कळलं.

वरून ओ आली नाही. अल्फिअसने दुसऱ्यांदा हाक मारायला तोंडावरचं फडकं ओढलं, आणि तेवढ्यात डोंगर फुटला. केनरिकने त्याला दंडाला धरून आत ओढलं आणि लॉरी सोडली. तो दार उघडायला बघत होता, केनरिक एका हाताने चालवत होता आणि एका हाताने त्याला धरून होता. केनरिकला मी दोष देत नाही. त्याची तीन लेकरं हॉलमध्ये होती. त्यांच्या मागे केल्सी रिज राखेखाली गेलं.

राख निवल्यावर हेलिकॉप्टरने माणसं उतरली, त्यांना इसिल्मा मिळाली. स्वयंपाकघरात नाही. पुढच्या उंबऱ्यावर बसलेली, पायांत चपला, डोक्याला रुमाल, पातेलं जुन्या चादरीत बांधून शेजारी ठेवलेलं, तोंड रस्त्याकडे. म्हणजे तिने ऐकलं होतं. ऐकून निघायची तयारी केली होती आणि बसली होती. ते बाहेरून आलेले सैनिक एकमेकांना विचारत होते, ही बाई पळाली का नाही. आमच्यापैकी कोणाला ते विचारावं लागलं नाही. हॉलमध्ये बातमी आली तेव्हा माझ्या खाटेशेजारची म्हातारी हळूच म्हणाली, "दुसरीची वाट बघत होती बिचारी."

अल्फिअसने पाइप वाचवला आणि बायको गेली, असं काही लोक म्हणाले. माझ्या दुकानात एकाने म्हटलं, त्याला मी पेल्यासकट बाहेर काढलं. पण मी म्हटलं नाही म्हणून अल्फिअसला ते कळलं नव्हतं असं थोडंच आहे. त्यानंतर त्याचे पाय तर थांबले नाहीतच, उलट जास्तच फिरायला लागले. फक्त हाकेचं उलट झालं. आता तो पहिलीला ओ देत नाही, दुसरीला देत नाही. तिसऱ्या हाकेपर्यंत मान वळवत नाही, मग भर दुपारी तुम्ही त्याच्या नाकासमोर उभे असा.

मागल्या वर्षी लंडनहून हॅरिएट नावाची बाई आली. त्या रेकॉर्डीची नवी आवृत्ती निघायची होती. म्हाताऱ्या निकने तिला ओसरीवरच्या माणसाची गोष्ट सांगितली होती. कळवळून आली होती, मुलगी वाईट नव्हती. अल्फिअस माझ्या दुकानामागे येरझाऱ्या घालत होता. तिने परसात जाऊन हाक मारली, "मिस्टर डुबेरी."

तो चालतच राहिला.

"त्यांना ऐकू येत नाही का?" तिने मला विचारलं.

"येतं. अजून दोनदा मार."

तिला ते उद्धटपणाचं वाटलं, पण मारली. तिसऱ्या हाकेला तो थांबला. "ओ. काय काम आहे?"

तिने सगळं सांगितलं. गाण्यातली ती जागा मूळ त्याच्यासाठी होती हे आता जगाला सांगायचं आहे. यंत्र तिने बरोबर आणलंय. त्याने फक्त वाजवायचं, ते त्या जागेत बरोबर बसवतील, रेकॉर्डीवर नाव येईल.  ज्या हाकेसाठी या माणसाने बेटभर वहाणा झिजवल्या ती हाक अखेर दारात आली होती, तीही तीनदा. हॅरिएटने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले. गाणं सुरू झालं असावं, कारण त्याचा पाय ठेका धरायला लागला. मग पाय थांबला. ती जागा आली होती. त्याने डोळे मिटले. परत पाय हलायला लागल्यावर त्याने ते काढून तिच्या हातात दिले.

"नाही," तो म्हणाला.

"पण ती जागा तुमचीच आहे. अजून रिकामी आहे."

"रिकामी नाही ती. बायको बसलीय माझी तिथे."

हॅरिएटने माझ्याकडे पाहिलं. मी तिला चहा दिला. ती बराच वेळ रडली, काय कळलं म्हणून रडली देव जाणे, आणि तिसऱ्या दिवशी गेली. गाणं तसंच राहिलं. लोक अजून त्या शांततेबद्दल लिहितात.

पाइप तो वाजवतो, नाही असं नाही. लग्नात नाही, मयतीत नाही. दिवेलागणीला दुकानामागच्या टेकडीवर चढतो. तिथून सगळी करडी दक्षिण दिसते, जिथे केल्सी रिज होतं तीही बाजू. एकदा फुंकतो, थांबतो. दुसऱ्यांदा फुंकतो, थांबतो. मग तिसऱ्यांदा, छातीतला सगळा दम लावून, आणि पाइप मांडीवर घेऊन खाली बसतो. तिसरीला ओ द्यावीच लागते, आणि इसिल्मा नीट वाढवलेली मुलगी होती. म्हणून तो लगेच उठत नाही. मी जेवण झाकून ठेवते आणि दारातून बघते. अंधार पडेपर्यंत तो तिथे बसलेला असतो, आणि त्याचा पाय हलत नाही.